चुलीतला इस्तो

केशोरावनं खानावळ आमच्या हवाली केली, तेव्हा एकेक सामान दाखवलं. हे भाताचे गंज, ह्या पराती, ही पितळेची ताटं, ही बाकं. यातल्या एकाचा पाय लंगडा आहे, त्याले भिंतीले टेकवूनच ठेवा. मंग त्यानं आम्हाले आत नेलं, चूल दाखवली, आणि चुलीपाशी बसलेल्या बाईकडे हात करून म्हणाला, "ही रुख्मा. ही चुलीसंगची आहे."

मले वाटलं, चुलीसंगची म्हणजे स्वयंपाकीण. माझ्या नवऱ्यालेही तसंच वाटलं. माणूस असं सामानात मोजून देतात, हे डोक्यात येईल तरी कसं?

मी मूळची कामठ्याची, शामकला माझं नाव. राग माझ्या नाकावर बसलेला, हे सारं कामठा जाणते. आमचे हे, दुधराम, तेवढेच थंड. मी दोन गंज आदळले की ते तिसरा आणून हाताशी ठेवतात, हा पण आदळ म्हणून. शेतीत आमचं मन लागलं नाही, म्हणून गोंदियाच्या टेशनासमोरची ही खानावळ घेतली. आपला मुलूख मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, ते वर्ष. जेवायले येणारे बाबू लोक त्याच्याच गोष्टी करत बसायचे, ताटातला भात थंड होईपर्यंत.

खानावळीचं नाव होतं ते चुलीमुळे. गोंदियात गाड्या येतच राहतात, आणि कोणत्याही गाडीनं उतरा, केशोरावकडे भात गरम मिळणार, अशी ख्याती. केशोरावची चूल विझत नाही, असं टेशनावरचे हमालही सांगायचे. ते खोटं नव्हतं. रोज काम आटोपलं की रुख्मा चुलीतला इस्तो राखेखाली झाकून ठेवायची. इस्तो म्हणजे विस्तव, आमच्याकडे इस्तोच म्हणतात. सकाळी राख बाजूले सारायची, फुकणीनं फुंकायचं, की चूल पेटली. काडेपेटी त्या घरात देवाच्या दिव्यापुरतीच होती.

केशोराव स्वतः मुर्रीले राहायले गेला. तिथं त्यानं नवं घर बांधलं होतं. जाताना या चुलीतला थोडा इस्तो मडक्यात घालून घेऊन गेला, नव्या घरची चूल जुन्या घरच्या इस्त्यानं पेटवावी म्हणून. तेव्हा मले ते फार चांगलं वाटलं. दुपारी जेवायले मात्र तो आमच्याकडेच यायचा. हसतमुख माणूस, कपाळाले गंध, बोलणं गोड. भात वाढताना "पुरे बाई" असं इतक्या मायेनं म्हणायचा की अजून एक सराटा वाढावासा वाटायचा.

रुख्मा माझ्याहून बरीच मोठी. केस पांढरे व्हायले लागलेले, हातावर भाजल्याचे जुने डाग. केशोराव तिले "रुख्मे" म्हणायचा. मी पहिल्या दिवसापासून रुख्माबाई म्हटलं. तिले ते ऐकून कोणीतरी मागं उभं असल्यासारखं वाटायचं, वळून पाहायची.

कामात तिले तोड नव्हती. पण बाई उंबरठ्याबाहेर पडत नव्हती. विहिरीवर जायची आणि आल्या पावली परत. बाजारले चला म्हटलं तर म्हणायची, "नाही बाई, चूल आहे." पोळ्याले बैल पाहायले चला, तर चूल आहे. मी महिन्याचा पगार हातावर ठेवला, तर तिनं तो फडक्यात बांधून चुलीच्या कठड्यावर ठेवून दिला. म्हणाली, हे चुलीचं. मी म्हटलं, चूल काय लुगडं घेणार आहे? ती हसली, पण गाठोडं तिथंच राहिलं. मले वाटलं, असते एखाद्याचा स्वभाव. गावाकडे तिचं कोणी नसन.

होतं. उदारामनं सांगितलं तेव्हा कळलं.

उदाराम देवरीची मोटार चालवायचा. सकाळी देवरीहून सवारी घेऊन यायचा, दुपारी आमच्याकडे जेवायचा, आणि मोटार परत न्यायचा. एक दिवस जेवता जेवता तो मले म्हणाला, "वहिनी, देवरीच्या अलीकडे एक बुढी रोज माझी मोटार थांबवते. मोटारीत बसत नाही. एकच इचारते, माझी रुख्मा आली का? लोक म्हनते, तिची पोरगी गोंदियाले खानावळीत आहे. तुमच्याकडची तं नाही? आता तिले दिसतही नाही नीट. आधी मोटार पाहून उठायची, आता आवाज ऐकून उठते."

रुख्मा तेव्हा त्याले वरण वाढून राहिली होती. वरण ताटाबाहेर गेलं. तिनं सराटा गंजात ठेवला, आत गेली. मी मागोमाग गेली, तर बाई चुलीपुढं बसून दोन्ही हात जोडून चुलीची माफी मागून राहिली होती.

मी म्हटलं, हे काय नवीन. उठा, उद्याच्या मोटारीनं मायले भेटून या, चार दिवस राहा, मी पाहते इकडचं. ती नाही म्हणाली. मी आवाज चढवला. तेव्हा कुठं तिनं सांगितलं, तेही चुलीकडे पाहून, माझ्याकडे नाही.

तिचा नवरा गेला, घरात दाणा नव्हता, अशा वर्षी केशोराव देवरीकडे लाकडं घ्यायले आला होता. लाकडाच्या गाडीवर बसवून त्यानं हिले गोंदियाले आणलं. पोटभर जेवू घातलं. आणि जेवण झाल्यावर या चुलीले हात लावायले लावून वदवून घेतलं: या चुलीत इस्तो आहे तवर मी हे घर सोडणार नाही, सोडलं तर माझ्या मायचे डोळे जातीन. तिच्या मनात तेव्हा आलं, चूल म्हणजे काय, रात्री विझते, सकाळी पेटते. एक दिवसाची तर शपथ. दुसऱ्या दिवशी तिले समजलं की ही चूल विझत नाही, आणि ती विझू नये हेच तिचं काम आहे.

ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाईकडूनच बाईचं कुलूप रोज लावून घ्यायचं! आणि वरून कपाळाले गंध!

"मंग कधी विझू द्यायची होती ना," मी म्हटलं. "विसरली असं म्हणायचं."

"माझ्या हातानं विझवली तं शपथ मोडल्यासारखीच झाली, बाई." मंग ती हळूच म्हणाली, "या पोळ्याले मनात आलं होतं, जाऊन यावं. नुसतं मनात आलं. अन् पाहा, मायचे डोळे चालले."

हाताशी आलेला गंज मी न आदळता खाली ठेवला. अशी वेळ माझ्यावर फार येत नाही.

नंतर मात्र मी खूप बोलली. म्हटलं, म्हातारपणी डोळे सगळ्यांचेच जातात, माझ्या आजीचे गेले, तिनं कोणती शपथ मोडली होती? रुख्मा म्हणाली, कोणाले माहीत, मोडली असन. म्हटलं, केशोराव मुर्रीले गेला, शपथ त्याच्यासंगं गेली. ती म्हणाली, शपथ केशोरावची नाही, चुलीची आहे. पार्सल ऑफिसचे एक बाबू रोज जेवायले यायचे, त्यांना विचारलं. त्यांनी हात धुऊन सांगितलं की बेगार सरकारनं कायद्यानं बंद केली, घटनेतच लिहिलं आहे, कोणी कोणाले असं ठेवू शकत नाही. रुख्मानं सगळं ऐकून घेतलं, बाबूले आणखी वरण वाढलं, आणि आत येऊन मले म्हणाली, "सरकारनं बंद केलं असन. पण मायच्या डोळ्याचं सरकार काय करन?"

मंग मी केशोरावलेच धरलं. जेवू दिलं आधी, तेवढं मी पाळते. पान खाताना विचारलं, तुम्ही या बाईले काय म्हणून बांधून ठेवलं?

तो हसला. "बांधून? शामकलाबाई, दोरी दाखवा. दार उघडं आहे, ती जाऊ शकते. मी कधी अडवलं?" मंग आवाज हळू करून म्हणाला की या लोकायले असं बांधलं नाही तर ते टिकत नाहीत, चार दिवस खातात आणि जंगलात पळतात, तुमच्याच धंद्याच्या भल्याचं आहे, तुम्ही नवीन आहात, समजन हळूहळू.

माझ्या धंद्याच्या भल्याचं! त्या दिवशी मले खरी गोष्ट समजली. केशोरावनं बाई बांधून ठेवली होती ती ठेवली, पण आता तिच्या हातचा भात मी विकून राहिली होती. तिनं झाकलेल्या इस्त्यावर माझी चूल पेटत होती. मी गोड बोलून राहिली होती एवढाच फरक, आणि गोड तर केशोरावही बोलायचा.

मी ह्यांना म्हटलं, आपण चूल विझवू. हे पहिल्यांदा माझ्यावर बिघडले. भरल्या घरची चूल विझवतात का कोणी? घरात माणूस गेलं तरच चूल थंडी पडते. शिवाय खानावळीचं सारं नाव त्या चुलीवर, त्या नावासाठीच तर आपण घेतली. उद्या लोक म्हणतील, दुधरामच्या हाती आली आणि चूल मेली. त्यांचं खोटं नव्हतं. मी म्हटलं, तिच्या मायले उद्या मोटारही ऐकू येणार नाही, मंग ती कशावरून उठन?  ह्यांनी थैली घेतली आणि भाजीले निघाले. दारातून वळून एवढंच म्हणाले, "मले भाजीले वेळ लागन."

आमचे हे असे आहेत. नाही म्हणत नाहीत, भाजीले जातात.

सकाळची वेळ. चुलीवर भाताचं आधण ठेवलं होतं. रुख्मा विहिरीवर होती. मी आधण उतरवलं, पाण्यानं भरलेला गुंड उचलला आणि चुलीत पालथा केला.

केवढा आवाज झाला! राख उडून माझ्या तोंडावर, लुगड्यावर. घरभर धूर आणि वाफ. रुख्मा विहिरीवरून धावत आली. डोक्यावरची घागर तिनं दारातच टाकली. तिनं मले पाहिलं, चूल पाहिली, आणि चुलीपुढं गुडघ्यावर पडून ओल्या राखेत दोन्ही हात घातले.

मले कळेना, ती इस्तो वाचवायले पाहते की मेला का ते पाहते. मले वाटते, तिलेही कळत नव्हतं. एकेक कोळसा तिनं बाहेर काढला, तळहातावर घेऊन दाबला, बाजूले ठेवला. मंग पार तळाशी, कोपऱ्यात हात घालून पाहिला, जिथं ती रोज इस्तो झाकायची.

"विझवली मी," मी म्हटलं. "तुम्ही नाही. पाप असन तं माझ्या माथ्यावर."

तिनं कोपऱ्यातून हात बाहेर काढला. मंग म्हणाली, "थंडी आहे, बाई." आणि राखेचे हात मांडीत घेऊन रडली. मीही रडली. मोकळं वाटून राहिलं होतं म्हणून रडली की भीतीनं, आता सांगता येत नाही. थोडं दोन्ही होतं.

पुढचं कोणी लक्षात घेतलं नव्हतं. खानावळीच्या छपरातून धूर निघत नाही, म्हणजे घरात कोणी गेलं. शेजारच्या सुमित्राबाईनं पाहिलं आणि रीत म्हणून टोपलीत भाकरी आणि चून, म्हणजे पिठलं, घेऊन आली, डोळ्याले पदर लावून. तिच्यामागं दोन हमाल आले, डोक्याचं फडकं काढून दारात उभे राहिले. पार्सलबाबू आले, त्यांनी जोडे बाहेर काढले आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

मी तोंडावरची राखही पुसली नव्हती. तशीच म्हटलं, "चूल गेली."

त्यांना वाटलं, दुःखानं मले भ्रम झाला. तेवढ्यात हे भाजी घेऊन आले, तर हमाल त्यांच्याकडे असे पाहायले लागले की जसा मेलेलाच माणूस कोबी घेऊन आला. हसू आवरेना मले. शोकाच्या घरात मी हसते हे पाहून सुमित्राबाई अजून रडली. शेवटी ह्यांनी सगळ्यांना बसवून घेतलं आणि सांगितलं की सारे जिवंत आहेत, आणि आज भात मिळणार नाही. उदाराम जेवायले आला, त्यालेही सुमित्राबाईच्याच टोपलीतली भाकर दिली. आणि मी त्याले म्हटलं, आज तुझ्या मोटारीत एक सवारी आहे, घेतल्याबिगर हलायचं नाही.

रुख्मा आत आपलं लुगडं फडक्यात बांधत होती. एकच लुगडं, पण तीनदा बांधलं आणि सोडलं.

तेवढ्यात केशोराव आला.

बातमी मुर्रीले पोचायले कितीसा वेळ. तो घाईघाईनं आला होता, कपडे घामानं ओले, आणि हातात फडक्यानं धरलेलं मडकं. मडक्यातून बारीक धूर निघत होता. दारातूनच तो म्हणाला, "घाबरू नका, दुधराम, घाबरू नका. चुकून विझली असन, होते असं. हा तिचाच इस्तो आहे. मी इथूनच नेला होता. माझ्या घरी विझला नाही. रुख्मे, घे, लाव चुलीत."

 ते मडकं मी विसरलीच होती. त्याले नेताना मीच पाहिलं होतं, आणि चांगलं वाटून घेतलं होतं.

रुख्मा आतून आली. तिचा चेहरा पाहवत नव्हता. सवयीनं तिचे हात पुढं झाले, मडकं घ्यायले. मी मधात उभी राहिली. म्हटलं, केशोरावजी, हे मडकं घेऊन जसे आले तसे जा.

तो अजूनही हसून राहिला होता. "तुम्ही काऊन रागावता? मी तुमची चूल पेटवायलेच आणलं. अन् नको असन तुम्हाले, तं तसं. पण रुख्मेची शपथ काही मेली नाही. इस्तो जिवंत आहे, हे पाहा. इथं नाही तं मुर्रीले. ज्या घरी इस्तो, त्या घरी ती." आणि तिच्याकडे पाहून म्हणाला, "चल, रुख्मे. मायच्या डोळ्याचं आठवते ना?"

  कायदा सांगणारे बाबू मडक्याकडे पाहून राहिले होते. मी तोंड उघडलं, पण शपथेपुढं काय बोलायचं, ते मले येत नव्हतं. माझा राग सारा होता तिथं, फक्त शब्द नव्हता.

रुख्मानं मडक्याकडे पाहिलं. मंग मागं वळून चुलीकडे पाहिलं. तिच्या ओठात काहीतरी चाललं होतं. नंतर तिनं मले सांगितलं की रोज इस्तो झाकताना ती शपथ म्हणायची, तीच ती म्हणून पाहत होती. मंग ती बोलली. इतकी मोठ्यानं बोललेली मी तिले त्याआधी ऐकली नव्हती.

"केशोरावजी, मी हात कायले लावला होता?"

तो म्हणाला, "काय?"

"शपथ घेतली तवा. हात कायले लावला होता मी? इस्त्याले?" तिनं आपले भाजलेले, राखेनं माखलेले हात पुढं केले. "इस्त्याले कोन हात लावते, जी? मी चुलीले लावला होता. या चुलीत, असं म्हनलं होतं मी. ही चूल थंडी आहे. मी पाहिली हात घालून. तुमचा इस्तो तुमच्या चुलीचा. त्याची शपथ मी घेतली नाही."

पार्सलबाबूंच्या तोंडून "वाह" निघालं. उदाराम भाकर हातात तशीच धरून उभा राहिला.

केशोरावचं हसू तेव्हा गेलं. तो मले ढकलून आत शिरला आणि मडकं घेऊन सरळ चुलीकडे निघाला. त्याले समजलं होतं, इस्तो या चुलीत पडला की शपथेचा शब्द पुन्हा खरा होते. मले समजायच्या आत तो चुलीपाशी पोचला होता.

पण तिथं आमचे हे उभे होते. ते कधी आत गेले, कोणी पाहिलं नाही. हातात सब्बल होती, लोखंडाची पहार, लाकडं फोडायच्या जागी ठेवतो ती. ते केशोरावले म्हणाले, "जरा सरका, भाऊ," आणि सब्बल चुलीत घातली. पहिल्या घावाले कठडा गेला. दुसऱ्याले मागची भिंत. इतक्या वर्षांची भाजून काळी झालेली माती, आतून लाल निघाली. रुख्माच्या पगाराचं गाठोडं घरंगळून तिच्या पायाशी आलं. हे घाव घालतच राहिले, चूल कुठं होती ते ओळखू येईना तोपर्यंत. मंग घाम पुसून माझ्याकडे पाहिलं, म्हणजे हा पण आदळू का, असं विचारल्यासारखं.

केशोराव मडकं घेऊन तसाच उभा. मडकं तापलं होतं, फडकं जळायले लागलं होतं, तो या हातातून त्या हातात घेत होता. ठेवायले त्याले त्या घरात जागा नव्हती. कोणी ठेव म्हटलं नाही. शेवटी तो निघून गेला, हात बदलत बदलत.

रुख्मानं गाठोडं उचललं. मी म्हटलं, हे आता चुलीचं नाही, चूलच नाही. तिनं ते कमरेले खोचलं. मंग मले विचारलं, "मोटारीत बसू कशी, बाई? कोणत्या पायानं चढतात?" उदाराम म्हणाला, आत्याबाई, दोन्ही पायानं चढा, पण चढा, बुढी रस्त्यावर उभी आहे. तिले मी त्याच्या बाजूच्या जागेवर बसवलं. मोटार वळेपर्यंत ती मागं पाहत होती. आमच्याकडे नाही, खानावळीच्या छपराकडे, कुठं धूर निघते का म्हणून. निघाला नाही. मंग तिनं तोंड पुढं केलं.

दुसऱ्या दिवशी उदाराम आला तो दारातूनच सांगत आला. म्हातारी नेहमीसारखी उठली, नेहमीसारखं विचारलं, माझी रुख्मा आली का. रुख्मा मोटारीतून उतरून तिच्यापुढं उभी राहिली. म्हातारीनं तिचं तोंड दोन्ही हातात धरून अगदी डोळ्याजवळ नेलं, पाहिलं, आणि म्हणाली, "बाई, तू तं म्हातारी झाली." उदाराम सांगता सांगता हसत होता आणि डोळे पुसत होता. दिसलं तिले, वहिनी, थोडं दिसतेच अजून, तो म्हणाला. त्या दिवशी मी त्याले जेवण फुकट वाढलं आणि ओरडली पण, सावकाश खा म्हणून.

आम्ही नवी चूल मांडली. माती मीच कालवली. धंद्याचं म्हणाल, तर काही दिवस लोक कमी झाले, मंग भूक लागली तसे आले. भात गरम तर होता. दुपारची जेवणं आटोपली की मी चुलीत पाणी टाकायची, संध्याकाळी काडी ओढून पेटवायची. कोणी कामाले आलं तर पहिल्या दिवशी त्याच्या हातानं विझवायले लावायची. नवी बाई दचकायची, मालकीण अशी काऊन करते म्हणायची. मी म्हणायची, इथं असंच आहे, पाणी टाक, आणि उद्या यायचं असन तर ये. गोंदियात आम्हाले विझल्या चुलीची खानावळ म्हणायले लागले. आधी चिडवून म्हणायचे, मंग पत्ता सांगायले म्हणायले लागले.

धानाची कापणी झाल्यावर एक दिवस दुपारी रुख्मा दारात उभी. संगं माय, काठी धरून. म्हातारीचे डोळे दाखवायले नागपूरले घेऊन चालली होती. गाडीले वेळ होता म्हणून आली. मी तिले आत ओढायले गेली, तर ती बाकावर बसली. गिऱ्हाइकासारखी, नीट, दोन्ही पाय खाली सोडून. नेमकं लंगड्या पायाचंच बाक निवडलं तिनं. मी वाढलं. वांग्याची भाजी, वरण, भात. ती सावकाश जेवली. पुरे म्हणाली तेव्हा पुरे म्हणूनच म्हणाली.

जेवणं झाली. मी नेहमीसारखा पाण्याचा गुंड उचलला. रुख्मा उठून आत आली. नवी चूल तिनं नीट पाहिली, हात मात्र लावला नाही.

"द्या बाई," ती म्हणाली. "आज मी."

तिनं गुंड घेतला आणि चुलीत ओतला. आवाज झाला, वाफ उठली, आणि ती वाफ खाली बसेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. बाहेरून तिची माय घाबरून म्हणाली, "काय झालं, वो पोरी?"

"काही नाही, माय," रुख्मा म्हणाली. "चूल विझली. चल, गाडी येईन."

दोघी गेल्या. त्यांची ताटं मी घासली.